इंजिन ओरडतंय, कार्ट सरकत नाही

मुलामुलींना रेसिंग कार्टवर बसवणाऱ्या पालकांचा एक प्रश्न थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा कानावर येतो. वळणातून बाहेर पडताना इंजिन नुसतं रेस होतं, आवाज चढतो, पण कार्ट मागेच राहते. पिटमधला मेकॅनिक सांगतो, ‘क्लच गेला.’ मग नवा क्लच घ्यायचा का? सुटा भाग बाहेरून मागवावा लागतो, पैसे बरेच जातात, आणि पुढची शर्यत दहा दिवसांवर असते.

माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: आधी थांबा. घसरणाऱ्या क्लचचं कारण पुष्कळदा क्लचच्या बाहेर असतं. नवा क्लच बसवला तरी ते कारण जागेवरच राहतं आणि नवा क्लचही काही आठवड्यांत तसाच वागायला लागतो. म्हणून खर्चाचा उपाय सगळ्यात शेवटी ठेवा.

या लेखात मुख्यतः रोटॅक्स मॅक्सचं 125 सीसी टू-स्ट्रोक इंजिन धरलं आहे. आपल्याकडे मायक्रो मॅक्स आणि ज्युनिअर मॅक्स गटातली मुलं तेच चालवतात. सरावाच्या फोर-स्ट्रोक कार्टबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

या कार्टला क्लचचं पेडल नसतं. इंजिनाच्या शाफ्टवर क्लचचे शू असतात. आरपीएम वाढला की ते बाहेर फाकतात आणि भोवतालच्या ड्रमला आतून घट्ट धरतात. ड्रमला स्प्रॉकेट, स्प्रॉकेटवर चेन आणि चेनने मागचा ॲक्सल फिरतो. रोटॅक्समध्ये शू आणि ड्रम दोन्ही पोलादाचे असतात, मध्ये अस्तर नसतं. निर्णय घ्यायला एवढी माहिती पुरते.

क्लचच घसरतोय, हे आधी ठरवा

थोडं घसरणं हे या क्लचचं कामच आहे. स्टार्टला किंवा अगदी हळू हेअरपिनमधून निघताना आरपीएम क्षणभर एका जागी थांबतो, वेग वाढत जातो आणि मग दोघे बरोबर चढायला लागतात. हे निरोगी क्लचचं लक्षण आहे. सरळ रस्त्यावरही वेग आरपीएमच्या मागे रेंगाळत असेल, तरच काळजी करा.

पुढच्या गोष्टी क्लचसारख्या भासतात, पण क्लचच्या नसतात:

- कार्ब्युरेटर. थ्रॉटल दाबल्यावर इंजिन घुसमटतं, आवाज खाली बसतो. क्लच घसरला तर आवाज वर जातो. एवढ्या एका फरकावर निम्मे प्रश्न सुटतात.
- चेनने दात सोडणं. खटखट असा आवाज येतो. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकलेले, सुरीच्या टोकासारखे दिसतात.
- सैल हब. स्प्रॉकेटचा कॅरिअर किंवा चाकाचा हब ॲक्सलवर फिरतो. ॲक्सल आणि हब दोघांवरून एकच पांढरी रेघ मार्करने ओढा. सेशननंतर रेघ तुटलेली दिसली, तर क्लचला हात लावायची गरज नाही.
- धुळीचा ट्रॅक. सकाळच्या पहिल्या फेऱ्यांत मागचं चाक धुळीवर फिरतं आणि आरपीएम उसळतो. दहा मिनिटांनी तक्रार आपोआप नाहीशी झाली, तर ती टायरची होती.

कार्टवर आरपीएम आणि वेग नोंदवणारा, मायक्रॉनसारखा (MyChron) लॉगर असेल तर वाद घालायची गरजच उरत नाही. क्लचने पकडलेलं असताना आरपीएम आणि वेग यांचं गुणोत्तर बदलू शकत नाही. एक उदाहरण घेऊ. पुढचं स्प्रॉकेट 12 दातांचं, मागचं 80 दातांचं. इंजिन 9000 आरपीएमवर असेल तर ॲक्सल मिनिटाला 9000 × 12 ÷ 80, म्हणजे 1350 फेरे घेतो. मागच्या टायरचा परीघ 0.87 मीटर असेल तर कार्ट मिनिटाला सुमारे 1174 मीटर, म्हणजे ताशी साधारण 70 किलोमीटर वेगाने जायला हवी. जीपीएस सरळ रस्त्यावर 69 दाखवत असेल तर क्लच ठीक आहे. 62 दाखवत असेल तर कुठेतरी बाराएक टक्के वाया जात आहेत, आणि पांढऱ्या रेघा शाबूत असतील तर ते क्लचमध्येच जात आहेत.

परीघ पुस्तकातून घेऊ नका. मुलाला सीटवर बसवा, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, कार्ट चाकाच्या एका पूर्ण फेऱ्याइतकी ढकला आणि टेपने मोजा. आकडे सरळ रस्त्याचेच घ्या. वळणात टायर घासतात आणि हिशेब बिघडतो.

4000 आरपीएमची चाचणी

रोटॅक्सच्या तांत्रिक नियमांप्रमाणे चालक न बसलेली कार्ट जास्तीत जास्त 4000 आरपीएमला पुढे सरकायला लागली पाहिजे. शर्यतीआधी कार्ट तपासणारा स्क्रुटिनिअर हीच चाचणी घेतो. तीच आपण आधी घरी घ्यावी, म्हणजे शर्यतीच्या दिवशी धक्का बसत नाही.

सपाट जागा शोधा. समोर कोणी उभं राहू नये. एक मोठा माणूस बाजूने स्टिअरिंग आणि ब्रेक सांभाळेल, दुसरा थ्रॉटल अगदी सावकाश उघडेल. कार्ट हलली त्या क्षणीचा आकडा वाचा. तीन वेळा करा. तिन्ही आकडे जवळपास असतील आणि 4000 च्या खाली असतील, तर शू फाकण्यात दोष नाही. पुढे ग्रीस, ब्रेक आणि दात तपासा. आकडे दर वेळी वेगळे आले तर शू कुठेतरी अडकत आहेत किंवा ड्रममध्ये काहीतरी ओलं आहे.

ही चाचणी ब्रेक दाबून, फुल थ्रॉटल देऊन करणारे पाहिले आहेत. तसं करू नका. काही सेकंदांत ड्रम निळा पडतो, आणि धडधाकट क्लच चाचणीतच खराब होतो.

उघडण्यापूर्वी

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. स्पार्क प्लगची कॅप काढा आणि बॅटरीही सोडवा. या इंजिनाला बटणाचा स्टार्टर आहे. तुमची बोटं चेनपाशी असताना सीटवर बसलेलं लेकरू सहज म्हणून बटण दाबू शकतं. बोट तुटायला स्प्रॉकेटचा एक दात पुरतो. हे दोन मिनिटांचं काम आहे, ते कधीही टाळू नका.

इंजिनाला सील आहे, म्हणून क्लच आपण उघडू शकत नाही, असा पुष्कळांचा समज असतो. क्लच सीलच्या बाहेर आहे. कव्हर आणि चेन काढा, मग शाफ्टच्या टोकाचा स्क्रू आणि वॉशर काढला की ड्रम बाहेर येतो. त्याच्या आत नीडल बेअरिंग आणि ओ-रिंग दिसते. भाग निघतील त्या क्रमाने पांढऱ्या कापडावर मांडा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शूचा भाग शाफ्टवरून काढायला पुलर आणि क्रँक अडवायचं योग्य हत्यार लागतं. ते नसेल तर इथेच थांबा. प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन अडवण्याची युक्ती कोणी सांगितली, तर तो माणूस बदला.

ड्रममध्ये काय दिसतं

इथे घाई करू नका, बहुतेक उत्तर इथेच असतं.

*ओलसर, काळं, चिकट ग्रीस.* सगळ्यात जास्त वेळा हेच आढळतं. नीडल बेअरिंगमध्ये कोणीतरी भरभरून ग्रीस घातलेलं असतं. ड्रम तापला की ते पातळ होतं आणि फेऱ्यांबरोबर बाहेर फेकलं जाऊन शूवर येतं. बेअरिंगला मुगाच्या दाण्याएवढं, उष्णता सोसणारं ग्रीस पुरे. ओ-रिंग चपटी किंवा तडकलेली असेल तर बदला. तिची किंमत क्लचच्या मानाने नगण्य आहे.

*पातळ तेल, पेट्रोलचा वास.* क्रँकचं ऑइल सील गळतंय. बॅलन्सर असलेल्या इंजिनात त्याच्या गिअरचं तेलही याच बाजूने झिरपू शकतं. ते काम इंजिनाच्या सीलबंद भागातलं असल्याने अधिकृत सर्व्हिस सेंटरकडेच द्या. तुम्ही क्लच कितीही पुसला तरी दोन सेशननंतर तो पुन्हा ओला होणार.

*निळा-जांभळा रंग.* ड्रम फार तापला आहे. नुसता रंग आला म्हणून तो टाकायचा नसतो, पण तापण्याचं कारण शोधायलाच हवं. ते पुढच्या दोन भागांत आहे.

*चर, भेगा, एका बाजूची झीज.* आता व्हर्निअर घ्या. शूची जाडी आणि ड्रमचा आतला व्यास यांची मर्यादा चालू वर्षाच्या तांत्रिक नियमावलीत छापलेली असते. तीन वेगवेगळ्या जागी मोजा आणि सगळ्यात वाईट आकडा खरा धरा. मर्यादेबाहेर असेल तर भाग बदला. ड्रमला भेग दिसली तर मोजायचीही गरज नाही, तो फेकून द्या.

*कोरडा आणि साफ.* मग क्लचचा पिच्छा सोडा, पुढे चला.

सफाई ब्रेक क्लीनर आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने, उघड्या हवेत, थंड भागावर करा. गरम लोखंडावर तो फवारला तर पेट घेऊ शकतो आणि वाफही विषारी असू शकते. पिटमधल्या कॅनमधलं पेट्रोल तर वापरूच नका. त्यात 2 टक्के टू-स्ट्रोक ऑइल मिसळलेलं असतं. पेट्रोल उडून जातं, तेलाचा पापुद्रा ड्रमवर राहतो, आणि आपण मात्र साफ केल्याच्या समाधानात असतो.

या बाबतीत मीही शहाणा नव्हतो. एका पावसाळ्याआधी, कार्ट चार महिने गॅरेजात पडून राहणार म्हणून, गंज लागू नये या काळजीने सगळ्या उघड्या लोखंडावर मी तेलाचा स्प्रे मारला. क्लच कव्हरच्या फटीतूनही मारला. ऑक्टोबरच्या पहिल्या सरावाला मुलगा दोन फेऱ्या मारून आत आला आणि म्हणाला, ‘बाबा, ही ओरडते नुसती.’ मी आधी कार्ब्युरेटरचं जेट बदललं, मग चेन बदलली. क्लच उघडल्यावर संध्याकाळी माझंच तेल मला भेटलं. ठेवणीत ड्रमवर हलका गंज येऊ द्या; तो पहिल्या काही फेऱ्यांत घासून निघतो, फार तर सुरुवातीला क्लच झटका देऊन पकडतो.

मुलाचे पाय पाहा

यावर फारसं कोणी बोलत नाही. कार्टमध्ये ब्रेक डाव्या पायाने आणि थ्रॉटल उजव्या पायाने. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा डावा पाय पेडलवर नुसता टेकलेला असतो, आणि त्याला स्वतःला ते माहीत नसतं. ब्रेक हलकेच लागलेला आणि थ्रॉटल पूर्ण दाबलेला, म्हणजे क्लचला दर फेरीत डोंगर चढायला लावल्यासारखं आहे. अशा कार्टचा क्लच वारंवार घसरतो आणि दर वेळी दोष मेकॅनिकला मिळतो.

काय पाहायचं?

- सेशननंतर ब्रेक डिस्कचा रंग. ती निळसर झाली असेल, तर पाय टेकतोय किंवा कॅलिपर मोकळा होत नाहीये. डिस्कला हात लावू नका, भाजेल.
- कार्ट स्टँडवर घ्या आणि मागचं चाक हाताने फिरवा. एक-दोन फेऱ्यांत घासून थांबलं तर ब्रेकचे पॅड, ॲक्सलची बेअरिंगं आणि चेनचा ताण तपासा. चेनला मधोमध सुमारे 15 मिलिमीटर खेळ असावा.
- मुलाला हेल्मेट-सूटसह बसवा आणि डोळे मिटायला सांगा. त्याचा डावा पाय आपोआप कुठे जातो ते पाहा. टाच टेकायला जागा नसेल तर पाय पेडलवरच विसावणार.

मुलं या वयात भराभर वाढतात. जानेवारीत बसवलेली पेडलची जागा जूनमध्ये चुकीची ठरते. पेडल आणि टाचेचा रॉड पुढे-मागे करायला पंधरा मिनिटं लागतात आणि खर्च काहीच नाही. सीट पुढे-मागे करताना मात्र जपून. वजनाची वाटणी बदलते.

आणि मुलाला रागावू नका. ‘तूच ब्रेक दाबतोस’ असं पिटमध्ये चारचौघांत ऐकलेलं मूल पुढच्या शर्यतीत गरज असतानाही ब्रेक दाबायला कचरतं. क्लच पुन्हा विकत घेता येतो.

दात मोजा

छोट्या, वळणदार ट्रॅकवर मोठ्या ट्रॅकचं गिअरिंग ठेवलं की इंजिन वळणातून क्लचच्या पकडीखालच्या आरपीएमने बाहेर येतं, आणि मग दर वळणाला क्लच तापतो. मागच्या स्प्रॉकेटचे दोन दात वाढवून पाहा. 12/80 चं 12/82 केलं तर क्लचवरचा भार अडीच टक्क्यांनी कमी होतो. सरळ रस्त्याच्या शेवटी आरपीएम तेवढाच वर जाईल, म्हणजे 9000 च्या जागी 9225. तो इंजिनाला झेपतो का, ते लॉगरवर पाहा. दात बदलल्यावर चेनचा ताण पुन्हा घ्यायला विसरू नका.

सरावाची फोर-स्ट्रोक कार्ट

इथे शूवर सहसा लायनिंग असतं आणि त्यांना स्प्रिंग आत ओढून धरतात. झिजलेलं लायनिंग हे इथे खरंखुरं कारण असू शकतं. पण लहान मुलांच्या कार्टमध्ये आणखी एक गंमत असते: वेग कमी राहावा म्हणून थ्रॉटलला स्टॉप लावलेला असतो. इंजिन अर्धवटच उघडतं, आणि क्लचला मात्र मोठ्या चालकाच्या कडक स्प्रिंग असतात. मग शू पुरते फाकतच नाहीत आणि क्लच दिवसभर घसरत राहतो. अशा वेळी कमी आरपीएमला पकडणाऱ्या स्प्रिंगचा पूर्ण सेट लावा. एकच स्प्रिंग बदलू नका. होंडा जीएक्स160 आपला कमाल टॉर्क 2500 आरपीएमला देतं. पकड त्याच्या आसपास असावी. अमेरिकेत ब्रिग्ज 206 गटात मुलं उतरवणाऱ्या मराठी पालकांनाही हेच लागू आहे. तिथे कार्ब्युरेटरची स्लाइड वयोगटाप्रमाणे बदलते, त्या प्रत्येक बदलानंतर क्लचची पकड पुन्हा तपासा.

लायनिंगला तेल लागलं असेल तर ते सहसा पूर्ण निघत नाही. ड्रमच्या ब्राँझ बुशला तेलाचे दोन-तीन थेंब हवेत, धार नको. चेनला स्प्रे मारताना क्लचवर फडकं धरा.

हे करू नका

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्या-नाशिकच्या एमआयडीसीत लेथवर ड्रम साफ करून देणारा हुशार कारागीर सहज मिळेल. काम सुरेख होईल, ड्रमही पकडेल, पण रोटॅक्सच्या शर्यतीत तो अवैध ठरेल. नियमावलीत जे करायला स्पष्ट परवानगी दिलेली नाही, ते करायला मनाईच आहे असं समजा. शूला कानस लावणं, ड्रमला भोकं पाडणं, पकड वाढावी म्हणून राळेची पूड टाकणं आणि मूळ कंपनीचे नसलेले भाग बसवणं, हे सगळं त्यातच आलं. सराव कार्टला तुमची मर्जी, पण तेव्हाही भेगाळलेला ड्रम वेल्ड करून घेऊ नका. फुटलेला ड्रम वेगात फिरताना तुकडे फेकतो, आणि मूल शेजारीच बसलेलं असतं.

शर्यतीच्या दिवशी तुमचे हक्क

क्लच नियमात बसत नाही, असं स्क्रुटिनिअरने सांगितलं तर शांतपणे विचारा: कोणतं माप, किती आलं, मर्यादा किती, नियमाचा क्रमांक कोणता. माप तुमच्या समोर पुन्हा घेण्याची विनंती करा. भाग थंड आहे का तेही पाहा.

निर्णय मान्य नसेल तर प्रोटेस्ट लेखी आणि शुल्कासह करावा लागतो, तोंडी वादाला किंमत नाही. त्याची मुदत फार थोडी असते. अर्धा तास किंवा त्याहूनही कमी. ती त्या शर्यतीच्या पूरक नियमांत दिलेली असते, म्हणून सकाळीच वाचून ठेवा. प्रोटेस्ट ग्राह्य ठरला तर शुल्क परत मिळतं. इंजिनाचं ओळखपत्र आणि एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेचा परवाना एकाच पिशवीत ठेवा. ऐन वेळी तेच सापडत नाहीत.

वर्कशॉपबरोबर व्यवहार करताना

क्लच बदलून घ्यायचाच असेल तर काम देण्यापूर्वी तीन गोष्टी मागा: जुन्या भागाचं मोजमाप लेखी, बदललेला जुना भाग परत, आणि नव्या भागाच्या क्रमांकासह बिल. जुना भाग परत द्यायला जो का-कू करतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

पैसे देऊन घेतलेल्या सेवेत त्रुटी राहिली, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 तुम्हालाही लागू आहे; मुलाची कार्ट तुमच्या स्वतःच्या वापराची आहे, व्यापाराची नाही. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, मग वर्कशॉप दुसऱ्या राज्यात का असेना. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर फोन करून पाहा. कित्येक प्रकरणं तिथेच मिटतात. बिल नसेल तर मात्र सगळंच कठीण जातं.

यानंतरही कोडं सुटलं नाही, तर प्रश्न विचारताना चार आकडे नक्की द्या: सरळ रस्त्याच्या शेवटचा आरपीएम, त्याच क्षणीचा वेग, पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटचे दात आणि तुम्ही स्वतः मोजलेला टायरचा परीघ. सोबत ड्रमच्या आतला एक फोटो. ‘क्लच गेला’ एवढ्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही.